ठेवण्याचं कारण

आमच्या कॉलनीत कोणाच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडालं, तर ते घरमालकाच्या आधी सेक्रेटरींना कळत असे. ते झाकण शोधून आणत, पण बसवत नसत. घरमालकाच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवत, बेल वाजवत आणि म्हणत, "तुमचं झाकण आलंय." आणलंच आहे तर बसवूनही द्या, असं कोणी म्हटलं की मान हलवत. "मी बसवलं तर पुन्हा उडंल. तुम्ही बसवलं तर ते कामून उडालं ते तुम्हाला कळंल."

थेरगावात डांगे चौकातून आत वळलं की आमची रो-हाउसची कॉलनी लागते. समोरासमोर घरांच्या रांगा, प्रत्येक घरापुढे छोटं अंगण, घराच्या मागे एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ. घरं घेणारे बहुतेक जण लातूर, बीड, सातारा, चिपळूण अशा ठिकाणांहून कंपन्यांत कामाला आलेले. फ्लॅट सोडून रो-हाउस घेतलं ते अंगणासाठी. अंगण मिळाल्यावर त्याची निगा राखावी लागते, हे मात्र हप्ते सुरू झाल्यानंतर लक्षात आलं. गावाकडे अंगण कोणीतरी झाडतच असे. इथे शिफ्टवरून आलेला माणूस झोपायचा आणि अंगणात एकेक वस्तू जमत जायची: बंद पडलेला कूलर, फुटकी कुंडी, मुलांची जुनी सायकल, प्लायवूडचे उरलेले तुकडे, पाय मोडलेला पाळणा.

सेक्रेटरी मूळचे लातूर जिल्ह्यातले. चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्याकडे आलं आणि पुढच्या निवडणुकीत गेलं. गेल्यानंतरही त्यांना सेक्रेटरीच म्हणत, आणि निवडून आलेल्याला नावाने हाक मारत. तो गृहस्थ वर्षभरात कंटाळला आणि पद परत त्यांच्याकडे आलं. या सगळ्यात सेक्रेटरींच्या दिनक्रमात काही फरक पडला नाही. कंपनीचा करडा शर्ट ते निवृत्तीनंतरही घालत. खिशावरचं कंपनीचं नाव त्यांनी स्वतः ब्लेडने उसवून काढलं होतं. "आता मी त्यांचा माणूस नाही. नाव ठेवणं बरोबर नाही. शर्ट मात्र चांगलाय."

रविवारी सकाळी ते फेरीला निघत. हातात मेझरिंग टेप आणि एक लाकडी काठी. काठीने ते भिंतीचं प्लास्टर ठोकून पाहत आणि आवाज ऐकत. पोकळ आवाज आला की तिथे खडूने गोल काढत. ओल कुठून आली, पावसाळी पाइप कोणाच्या अंगणात उतरतो, कोणाच्या पारिजातकाची फांदी कोणाच्या तारेला लागली, हे सगळं ते मालकाला बोलावून दाखवत. मालक झोपलेला असेल तर मालकिणीला. त्यांचं एक वाक्य कॉलनीत म्हणीसारखं झालं होतं: "कुंपणाच्या आत तुमची मर्जी. कुंपणावर सगळ्यांची." प्रत्यक्षात ते कुंपणाच्या आतही येत.

त्यांची खरी ओळख होती ती लाल चिठ्ठी. चाकणच्या कारखान्यांत ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. शॉपमध्ये, म्हणजे मशीन चालतात तिथे, जी वस्तू विनाकारण पडून दिसते तिला लाल चिठ्ठी लावतात. ज्याची वस्तू असेल त्याने चिठ्ठीवर ती ठेवण्याचं कारण लिहायचं. कारण लिहिलं की वस्तू राहते. महिनाभरात कोणी काही लिहिलं नाही, तर तिला मालक नाही असं समजून ती भंगारात जाते. सेक्रेटरींनी ही पद्धत जशीच्या तशी कॉलनीत आणली. चिठ्ठ्या छापून घेतल्या. वर वस्तूचं नाव, मध्ये घर क्रमांक, खाली एक ओळ: ठेवण्याचे कारण.

सभेत ठराव झाला तेव्हा कोणी विरोध केला नाही. निम्मे सभासद स्वतः रोज अशाच चिठ्ठ्या पाहत होते. चिठ्ठी आपल्याच कूलरला लागेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

लोकांनी कारणं लिहिली. ती कारणं हा पुढे करमणुकीचा विषय झाला. "सासऱ्यांनी दिलेला आहे." "गणपतीत लागतो." "मुलगा लहान आहे, दुसरा झाला तर." सेक्रेटरी प्रत्येक कारण वाचत आणि मान्य करत. ते खरं आहे की खोटं, हे पाहणं त्यांचं काम नव्हतं. "कारण लिहिलं म्हणजे माणसानं त्या वस्तूकडं एकदा बघितलं. माझं काम झालं."

कॉलनीच्या तोंडाशी बापूंचं जुनं घर आहे. ज्या शेतावर कॉलनी उभी राहिली ते बापूंचं. ते सोसायटीचे सभासद नाहीत, पण संध्याकाळी कॉलनीच्या बाकावर बसतात. त्यांच्या गोठ्यात तेव्हा एक म्हैस होती.

"सेक्रेटरी," ते म्हणत, "आमच्या म्हशीला बी लावा की चिठ्ठी. आटलीया ती."

"तुमची हद्द सोसायटीत येत नाही, बापू."

"न्हाई म्हंजी, आली असती तर लावली असती व्हय?"

"कारण लिहिलं असतं तर राहिली असती."

बापू हसत आणि शेजारी बसलेल्याला सांगत, "ह्यो मानूस मेल्यावर यमाला बी चिठ्ठी लावंल."

सेक्रेटरींच्या शेजारच्या घरात वहिनी राहत. त्या चिपळूणच्या. त्यांचे पती सेक्रेटरींच्याच कारखान्यात होते. दोघांची पाळी एक असे. कंपनीची बस डांगे चौकातून सुटायची आणि तिथपर्यंत वहिनींचे पती आपल्या स्कूटरवर सेक्रेटरींना मागे बसवून नेत. जुनी, डाव्या हातात गिअर असलेली निळी स्कूटर. सेक्रेटरींनी स्वतः कधी गाडी घेतली नाही. नोकरीत असतानाच वहिनींचे पती हृदयविकाराने गेले. मुलगी लग्न होऊन नाशिकला होती. स्कूटर अंगणात उभी राहिली. वहिनींना ती चालवता येत नव्हती. त्या रोज सकाळी सडा घालून झाला की ओल्या फडक्याने ती पुसत, पुसून झाली की वर जुनी चादर टाकत.

बंद वाहन अंगणात उभं ठेवू नये, असा सोसायटीचा नियम होता. तो सेक्रेटरींनीच लिहिला होता. त्यामुळे एका रविवारी निळ्या स्कूटरच्या हँडलला लाल चिठ्ठी लागली.

कॉलनीतल्या एक-दोघांनी त्यांना अडवून विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "ओळखीच्या माणसाला सोडलं की नियम संपला. वहिनी कारण लिहितील, गाडी राहील. त्यात काय?"

वहिनींनी कारण लिहिलं नाही. चिठ्ठी काढूनही टाकली नाही. रोज स्कूटर पुसताना त्या चिठ्ठी बाजूला धरत आणि पुसून झाल्यावर सोडून देत. महिना संपत आला तेव्हा पतीच्या वर्षश्राद्धासाठी त्या चिपळूणला गेल्या. त्यांच्यामागे ठरल्या रविवारी भंगाराचा टेम्पो आला. चिठ्ठीवर काही लिहिलेलं नाही, हे पाहून दोन माणसांनी स्कूटर उचलून टेम्पोत चढवली. सेक्रेटरी तिथे उभे होते. टेम्पो गेल्यावर त्यांनी वहिनींच्या गेटची कडी नीट लावली.

कारखान्यात उत्तर आलं नाही म्हणजे मालक नाही. इतकी वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं, आणि ते कधी चुकलं नव्हतं.

वहिनी परतल्या तेव्हा दुपार होती. सेक्रेटरी आपल्या अंगणात जास्वंदीला आळं करत होते. वहिनींनी बॅग पायरीवर ठेवली आणि स्कूटर असायची त्या जागेकडे पाहिलं. फरशीचा तेवढा तुकडा बाकीच्यापेक्षा उजळ दिसत होता.

"गाडी कुठं आहे, भाऊजी?"

"भंगारात गेली. चिठ्ठी कोरी होती."

"ती कोणाची होती ते तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग?"

"तुम्ही काहीच लिहिलं नाही, वहिनी."

"काय लिहायचं होतं?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. "ह्यांची आहे म्हणून? ते तुम्हाला ठाऊक होतं. रोज पुसते म्हणून? तेही तुम्ही कुंपणावरून बघत होतात. तुम्हाला ठाऊक नाही असं त्या ओळीत काय लिहायचं राहिलं होतं, तेवढं सांगा."

सेक्रेटरींनी खुरपं खाली ठेवलं. वहिनी बॅग उचलून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी ते बापूंच्या दारात गेले. बापूंचा भाचा भंगाराच्या व्यवहारात होता आणि कुदळवाडीतली गोदामं बापूंना ठाऊक होती. पुढचे काही दिवस दोघं बापूंच्या पिकअपमधून रोज तिकडे जात होते. तिथे काय झालं ते बापूंनी बाकावर बसून इतक्यांदा सांगितलं, की कॉलनीत ते सर्वांना पाठ आहे.

"एका शेडात निळ्या स्कूटरी हुत्या चार-पाच," बापू सांगत. "समद्या सारख्याच. कुनाची सीट न्हाई, कुनाचं इंजिन खोललेलं. नंबरपट्ट्या काडलेल्या. मी म्हनलं, सेक्रेटरी, वळखा. तर ह्यो गडी समोरनं बगतोय, बाजूनं बगतोय, पन वळखंना. म्हनलं, रोज बसत हुता न्हवं? तर म्हनतो, बापू, तुम्ही पुढं बसा. मी म्हनलं, कशाला? बसा म्हनतो. बसलो. तर ह्यो माझ्या मागं बसला. भंगारवाला बगायलाय आमच्याकडं. दोन म्हातारी मान्सं, बिनचाकाच्या गाडीवर. एकीवर बसला, उतरला. दुसरीवर बसला, उतरला. तिसरीवर बसला आन् पाय ठेवायच्या दांडीवर पाय टाकला. दांडी वाकडी हुती जराशी. मग बसूनच राहिला. म्हनलं, उतरा की आता. तर म्हनतो, हीच."

ती स्कूटर पिकअपमधून सेक्रेटरींच्या अंगणात आली. वहिनींच्या अंगणात नाही. सीट होती; पुढचं चाक, बॅटरी आणि कार्ब्युरेटर नव्हते. वहिनींनी खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला.

त्या महिन्याच्या सभेत सेक्रेटरींनी स्वतःविरुद्ध ठराव मांडला. चेअरमन हिंजवडीत आयटीत काम करणारा तरुण होता. तो अवघडला. "काका, जाऊ द्या ना. प्रोसेस तर फॉलो झाली होती."

"तेच म्हणालालो मी. प्रोसेस फॉलो झाली आणि चूक झाली. म्हणजे चूक प्रोसेसमध्ये आहे. लिहून घ्या: उत्तर नसंल तर दार वाजवायचं. माणूस भेटल्याशिवाय वस्तू हलवायची नाही." ठराव मंजूर झाला. मग त्यांनी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला. तो मंजूर करण्यावाचून सभेला पर्याय नव्हता, कारण ते तो परत घेत नव्हते.

त्यानंतर त्यांच्या अंगणात स्कूटरचं काम सुरू झालं. वर्तमानपत्रं पसरून त्यावर सुटे भाग मांडलेले. त्यांना मशीन माहीत होतं, स्कूटर नव्हती. डांगे चौकातला एक गॅरेजवाला अधूनमधून येऊन पाहून जायचा आणि म्हणायचा, "काका, ह्याच्यापेक्षा नवी घ्या." पेव्हर ब्लॉकवर तेलाचे डाग पडले. ज्या माणसाने इतरांच्या अंगणात खडूने गोल काढले, त्याचं अंगण कॉलनीतलं सर्वांत अस्ताव्यस्त अंगण झालं. समोरच्या घरातून तक्रार गेली. बंद वाहन आणि अंगणात दुरुस्ती, असे दोन नियम एकदम मोडत होते. चेअरमन स्वतः आला, दार वाजवलं, आणि नाइलाजाने स्कूटरला लाल चिठ्ठी लावली.

सेक्रेटरींनी लगेच पेन काढलं. ठेवण्याच्या कारणासमोर लिहिलं: काम चालू आहे.

"पण काका, कधीपर्यंत?"

"ते लिहायला चिठ्ठीवर जागा नाही," सेक्रेटरी म्हणाले. चिठ्ठी त्यांनीच छापून घेतलेली होती.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. वहिनी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. गेटमधून जाता-येता त्यांना स्कूटर दिसे, पण त्या थांबत नसत. सेक्रेटरी त्यांच्या गच्चीचा पाइप पूर्वीसारखा पाहत, पण आता आत न जाता, रस्त्यावर उभं राहून. तुंबलेला दिसला की मोठ्याने म्हणत, "पाइप तुंबलाय," आणि पुढे जात. काही वेळाने वहिनी गच्चीवर काठी घेऊन दिसत.

फाल्गुनात एका सकाळी स्कूटर सुरू झाली. दहा-बारा किका बसल्या, धूर झाला, इंजिन पेटलं आणि टिकलं. रांगेतल्या घरांतून लोक बाहेर आले. वहिनीही आल्या. त्यांना तो आवाज ओळखायला बाहेर यावं लागलं नसतं. त्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या.

सेक्रेटरींनी इंजिन बंद केलं. "तुमच्या अंगणात लावायची का, वहिनी?"

"लावा."

"एक अडचण आहे. बंद वाहन ठेवायचं नाही, हा नियम आहे."

समोरच्या घरातली बाई हसू दाबत आत गेली. "आता ती बंद कुठं आहे?" वहिनी म्हणाल्या.

"महिनाभर उभी राहिली की बंदच. मग पुन्हा चिठ्ठी. चालवावी लागंल."

"तुम्ही चालवा."

"मला येत नाही. मी मागं बसायचो."

"मग कोण चालवणार?"

"तुम्ही."

"माझं वय काय, भाऊजी? साठी जवळ आली."

"गाडीचं बी वय झालंय," सेक्रेटरी म्हणाले. "ती काही बोलली नाही."

नियमातून एका गाडीला वगळा, असा ठराव सभेत एका मिनिटात झाला असता. चेअरमनने तसं सुचवलंही. सेक्रेटरींनी ते मान्य केलं नाही. वगळलेली गाडी पुढच्या समितीला दिसते, चालती गाडी कोणाला दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते वहिनींना पटलं की नाही, हे कळायला मार्ग नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या पंजाबी ड्रेस घालून अंगणात उभ्या होत्या. कॉलनीने त्यांना साडीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

शिकवणी महिनाभर चालली. शिकवणारे बापू, कारण तिघांत चालवता येणारे तेच. सेक्रेटरी बाजूने चालत सूचना देत, त्या बापू खोडून काढत. "क्लच हळू सोडा." "हळू काय हळू? सोडा बिनधास्त." गाडी धक्का खाऊन बंद पडे. "कोणाचं ऐकू?" वहिनी विचारत. "इंजिनाचं ऐका," सेक्रेटरी म्हणत. कॉलनीतल्या बायका गॅलरीत येऊन बसत. एक म्हणाली, "वहिनी, आम्हाला पण न्या हो भाजीला." वहिनी समोरची नजर न हटवता म्हणाल्या, "आधी मला पोचू दे." गाडीचं नाव बदलून आणि फेरनोंदणी करून घ्यायला सेक्रेटरी आरटीओत फेऱ्या मारत होते. शिकाऊ परवाना आला, नंतर पक्का आला.

सेक्रेटरी आता पिंपळे सौदागरला मुलाकडे असतात, बाराव्या मजल्यावर. तिथल्या सोसायटीत देखभालीला पगारी माणसं आहेत. आपल्या दारापुढच्या कॉरिडॉरची एक फरशी वाजते, ती बदलायला हवी, असं ते त्या माणसांना सांगत असतात, आणि फरशी दर वेळी नव्याने तपासली जाते. आमच्याकडे लाल चिठ्ठ्या अजून आहेत, पण त्या लावण्याआधी दार वाजवतात. दार वाजवल्यावर माणूस बहुतेक वेळा स्वतःच वस्तू काढून टाकतो. चिठ्ठी क्वचित लागते.

पक्का परवाना आल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, सेक्रेटरी अजून कॉलनीतच राहत होते तेव्हा, वहिनी एकट्या डांगे चौकात भाजीला निघाल्या. बापू बाकावर होते. सेक्रेटरी कॉलनीच्या तोंडाशी येऊन गटाराचं सिमेंटचं झाकण सरकवून आत पाहत बसले.

"गटार कालच साफ झालंय न्हवं?" बापू म्हणाले.

"झाकण बघालालो."

"काय झालंय झाकनाला?"

"हलतंय."

मुख्य रस्त्यावर सकाळची गर्दी होती. कंपन्यांच्या बस, पाण्याचे टँकर, रिक्षा. सेक्रेटरी झाकणापाशी उकिडवे बसलेले, पण तोंड रस्त्याकडे. चौकात जाऊन भाजी घेऊन यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ झाला होता. बापूंनी चेष्टा थांबवली आणि तेही रस्त्याकडे पाहू लागले.

"मी जाऊ का बगाया?" ते शेवटी म्हणाले.

"नको. आपण दिसलो तर ब्रेक दाबतील."

मग वळणावरून निळी स्कूटर आली. वेग कमी, रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला, मागे एक टँकर हॉर्न वाजवत. वहिनींनी टँकरला पुढे जाऊ दिलं नाही आणि घाईही केली नाही. पायाशी मेथीची जुडी आणि कलिंगड होतं. त्या कॉलनीत वळल्या, झाकणाला वळसा घालताना त्यांनी वेग कमी केला.

"ब्रेक?" सेक्रेटरींनी विचारलं.

"लागतोय," वहिनी म्हणाल्या. त्या थांबल्या नाहीत. आपल्या गेटवरूनही पुढे गेल्या, रांगेच्या टोकाला वळल्या, परत आल्या, आणि बाकासमोरून जात पुन्हा मुख्य रस्त्याला लागल्या.

"आता कुठं निगाल्या?" बापू म्हणाले.

सेक्रेटरींनी झाकण जागेवर सरकवलं, पाय देऊन ते बसल्याची खात्री केली, हात झटकले आणि घरी गेले.